रेडकाचे डोळे कुठे काढायचे?

लहान मुलांना कार्टूनचा प्राणी शिकवायचा म्हटलं की मोठ्यांच्या हातून फळ्यावर हमखास ससा उमटतो, नाहीतर मिकी माउस. भाटघर आणि नीरा देवघर धरणांच्या काठच्या वाड्यांत किंवा राजगड-तोरण्याच्या पायथ्याच्या गावांत पाळलेला ससा शोधावा लागेल. रेडकू, करडू, वासरू मात्र दारातच असतं. पावसाळ्यात भातखाचरातले खेकडे धरण्यात तिथल्या पोरांचा हात कोणी धरणार नाही. भोर आणि वेल्हे (या तालुक्याला आता राजगड हे नाव मिळालं आहे) इथल्या मुलांना गोंडस प्राणी शिकवायचा, तर धडा गोठ्यातून सुरू करावा, असं मला वाटतं. ज्या जनावराच्या अंगावरून रोज हात फिरतो, त्याचं चित्र काढताना मुलाला फळ्याकडे बघावं लागत नाही.

आता, गोंडस म्हणजे नेमकं काय? ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तन-शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये याची फोड करून दाखवली. शरीराच्या मानाने मोठं डोकं, पुढे आलेलं गोल कपाळ, चेहऱ्याच्या मध्यरेषेखाली बसलेले टपोरे डोळे, फुगीर गाल, आखूड जाडसर पाय. ही सगळी तान्ह्या पिल्लाची लक्षणं, आणि ती दिसली की मोठ्या माणसाला जीव लावावासा वाटतो. पुढे १९७९ मध्ये स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने मिकी माउसची जुनी-नवी चित्रं चक्क मोजली. १९२८ मध्ये पडद्यावर आलेला तो आगाऊ, टोकदार नाकाचा उंदीर जसजसा लोकप्रिय झाला, तसतसा वयाने लहान दिसू लागला होता. डोक्याच्या लांबीच्या २७ टक्के असलेला डोळा ४२ टक्क्यांवर पोहोचला होता. चित्रकारांनी हे ठरवून केलं नसावं, असंच गूल्डला वाटलं.

हे सगळं पहिलीतल्या पोराला सांगायची गरज नाही. त्याला एवढंच विचारायचं, ‘म्हशीचं डोकं मोठं दिसतं की रेडकाचं? अंगाच्या मानानं बघ हं.’ गोठ्यात जाऊन बघून आलेलं मूल बरोबर उत्तर देतं.

शिकवणाऱ्याने मात्र वयाचं भान ठेवायला हवं. साधारण तिसऱ्या वर्षी मुलाला बंद गोल जमतो, चौकोन चौथ्याच्या पुढे, आणि त्रिकोण पाचव्या वर्षाच्या आसपास. म्हणून अंगणवाडीत मांजर काढायला लावली की पोरं कानापाशी अडतात. कानाचे त्रिकोणच त्यांना येत नसतात, आणि आपण म्हणतो याला चित्रकलेत गती नाही! रेडकाचं तसं नाही. त्याचे आडवे, पानासारखे कान दोन वाकड्या रेषांत होतात. मांजर काढायचीच असेल तर पाठमोरी काढावी: मोठ्या गोलावर छोटा गोल, दोन ठिपक्यांएवढे कान आणि एक लांब शेपटी. चेहऱ्याची कटकटच नाही. मराठी आकडा लिहायला येऊ लागलेल्या मुलाला २ पासून बदक करून दाखवलं की तो आकडाही पक्का होतो.

रेडकाचा धडा असा. आधी पाटीभर मोठा गोल, हात कोपरापासून फिरवत. मुलं बोटांनी चित्र काढू बघतात, मग ते कोपऱ्यात इवलंसं होऊन बसतं. हा गोल म्हणजे डोकं. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात आडवा लंबगोल, ते तोंड. त्यात नाकपुड्यांचे दोन ठिपके. डोळे कुठे काढायचे, हा खरा प्रश्न. बहुतेक मुलं डोळे अगदी वर, कपाळावर काढतात. तिथे काढले की रेडकू लगेच मोठं, जरा रागीट दिसतं. ते पुसायला लावू नये. शेजारी दुसरा गोल काढून त्यात डोळे तोंडाला जवळजवळ चिकटवून आणि एकमेकांपासून लांब काढायला सांगावं. दोन्ही चित्रं समोर आली की पोरं स्वतःच हसतात. डोळ्यात पांढरा ठिपका सोडला की ते ओलसर दिसतात. शिंगं काढायची नाहीत. शिंगं आली की वय आलं. धड डोक्याएवढंच किंवा थोडं लहान, खाली चार आखूड पाय.

पाय काढताना मुलं चारही एका ओळीत मांडतात. चेहरा समोरून, अंग बाजूने. कुणी गाय काढली तर चारही सड दिसणारच, गळ्यातली घंटा दिसणार, खुंटा आणि दावंही. कुणी पोटातलं वासरूसुद्धा काढतं. मूल डोळ्यांना दिसतं ते न काढता मनाला ठाऊक आहे ते काढतं, हे फ्रेंच अभ्यासक ल्यूके यांनी १९२७ मध्ये मांडलं. या वयात ती चूक नसते, त्यामुळे तिथे लाल पेन चालवायचं कारण नाही. खरं नुकसान होतं ते छापील आकृतीत फक्त रंग भरायला दिल्याने. त्यात मुलाचं दावं कधीच येत नाही.

डोंगरातल्या छोट्या जिल्हा परिषद शाळांमध्ये दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत बसतात. चित्राच्या तासाला त्याचा फायदाच होतो. भिंतीच्या खालच्या भागाला काळा रंग दिलेला असला की पहिलीचं पोर गोल काढतं आणि तिसरीचं त्याला भाव देतं. भुवया आत उतरत्या केल्या की रेडकू चिडलं, बाहेर उतरत्या केल्या की रडवेलं झालं. इथे मला व्यंगचित्रकार शि. द. फडणीस आठवतात. बसथांब्यावर उभ्या मुलीच्या साडीवर उंदीर आणि शेजारच्या तरुणाच्या शर्टावर मांजरं, हे त्यांचं मुखपृष्ठ मराठी घरांत गाजलं. शब्द एकही नाही, रेषा मोजक्या. याच हाताने पुढे शाळेच्या गणिताच्या पुस्तकांत चित्रं काढली आणि कित्येकांची आकड्यांची भीती घालवली. मोजक्या रेषांत प्राणी उभा करणं हे कमी प्रतीचं काम आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती पुस्तकं काढून बघावीत.

दिवाळीच्या सुट्टीत याला आणखी वाव आहे. वसुबारसेला गाय-वासराची रांगोळी असतेच. त्यात वासराचं डोकं मुलांना काढू द्यावं. किल्ला करताना तर राजगड समोर उभा असतो. त्याच्या सुवेळा माचीवरच्या एका खडकाला हत्तीप्रस्तर म्हणतात. आधी नुसती बाह्यरेषा पाहायची, मग त्यात सोंड शोधायची, हा सराव तिथे आयताच होतो.

राहिला रंग. कागदावर म्हैस काढली की मुलं काळा खडू हातात घेऊन सगळं रंगवून टाकतात आणि डोळे गायब होतात. म्हणून डोळ्यांच्या जागी आधी पांढऱ्या मेणखडूने दाबून गोल काढावेत आणि वरून पाण्यात कालवलेला काळा रंग फिरवावा. मेणावर तो धरत नाही. पाटीवर ही भानगडच नाही. पाटी मुळात काळीच, तेव्हा फक्त बाह्यरेषा, दोन डोळे आणि नाकपुड्या काढल्या की म्हैस तयार.