तलफ न्याहाळताना

सिगारेट सोडायची म्हणून माणूस येतो आणि सुरुवातीलाच त्याला सांगितलं जातं, की तूर्त ओढत राहा. फक्त ओढताना लक्ष सिगारेटवरच ठेवा. सोबतीला चहा-कॉफी नको, गप्पा नकोत. पहिल्या झुरक्याची घशातली जळजळ, जिभेवर उरलेली चव, बोटांचा वास, सगळं नीट टिपायचं. ही पद्धत शिकवणारे अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जडसन ब्रूअर यांनी आपल्या टेड भाषणात एका बाईंचा अनुभव सांगितला आहे. अशा लक्षपूर्वक ओढलेल्या सिगारेटला कुबट चीजचा वास आणि रसायनांची चव असल्याचं त्यांना आढळलं. सिगारेट वाईट हे त्यांना आधीही ठाऊक होतं, पण ते आता जिभेला कळलं.

पुढचा टप्पा तलफेचा. ताण आला, सिगारेट पेटवली, बरं वाटलं. दिवसातून पंधरा-वीस वेळा हे घडत गेलं की हात आपोआप खिशाकडे जातो. एरवी सल्ला मिळतो मन दुसरीकडे वळवण्याचा. इथे उलट तलफेकडेच बघायचं असतं. ती आली हे ओळखायचं, तिला हाकलायचं नाही, शरीरात ती कुठे जाणवते हे शोधायचं आणि जे सापडेल ते मनात नोंदवायचं : छाती आवळली, तोंडाला पाणी सुटलं, बोटं चुळबुळली. तलफ चढते, थोडा वेळ टिकते आणि बहुतेकदा काही मिनिटांत ओसरते. सिगारेट न ओढताही ती ओसरते, हे एकदा स्वतः पाहिलं की तिचा धाक कमी होतो.

येल विद्यापीठात असताना ब्रूअर यांनी ८८ जणांवर याची चाचणी घेतली. चार आठवडे, आठवड्यातून दोनदा, समोरासमोर वर्ग. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : सतराव्या आठवड्यात ही पद्धत शिकलेल्या गटातले ३१ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, तुलनेसाठी प्रचलित कार्यक्रमात घातलेल्या गटातले अवघे ६ टक्के.

हेच शिक्षण मग ‘क्रेव्हिंग टू क्विट’ या ॲपमध्ये आलं. रोज एक छोटा धडा, व्हिडिओ, ध्वनिफितीवरचा सराव. शिवाय तलफ आली त्या क्षणी उघडायचा वेगळा भाग. कल्पना रास्तच होती, कारण तलफ वर्गात येत नाही. ती जेवणानंतर येते, साहेबांच्या केबिनमधून बाहेर पडताना येते, आणि तेव्हा फोन हाताशी असतो.

पण तीनशेहून अधिक लोकांच्या चाचणीत नुसत्या ॲपला तसं यश आलं नाही. तुलनेच्या गटाला प्रशिक्षण नव्हतं. दिवसातून अनेकदा फोनवर आपल्या तलफेची आणि सिगारेटची नोंद तेवढी करायची होती. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत सिगारेट सुटलेले साधारण सारखेच निघाले, दहातला एखादा. एक फरक मात्र महत्त्वाचा होता : ॲपवर शिकलेल्यांमध्ये तलफ येणं आणि सिगारेट पेटवणं यांचा सांधा ढिला झाला होता.

तेव्हा फोनला सोबती मानावं, उपचाराची सगळी मदार त्याच्यावर टाकू नये. समुपदेशकाशी बोलणं, गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचं च्युइंगगम किंवा औषध, आणि जोडीला हा सराव, असं चालावं. महाराष्ट्रात सिगारेटहून मिश्री, मावा आणि तंबाखू-चुन्याचाच विळखा मोठा आहे. तिथेही तलफ न्याहाळून बघायला हरकत नाही. बोलायला माणूस हवा असेल, तर तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक पाकिटावरच छापलेला असतो : १८००-११-२३५६. तो फिरवा.