न ऐकणारे मूल

संध्याकाळचे साडेसात वाजले आहेत आणि पाने मांडली आहेत. आई साडेपाच वर्षांच्या मुलाला स्वयंपाकघरातून हाक मारते, 'हात धुवून ये.' मुलगा उठतो, मोरीच्या दिशेने दोन पावले जातोही. पण वाटेत आजोबांच्या चष्म्याचे घर दिसते. ते मिटताना होणारा टपकन् आवाज त्याला आवडतो. तो पुन्हा पुन्हा ऐकावा, तोच खिडकीशी मांजर येते. मांजरामागे तो गॅलरीत जातो आणि खाली उभ्या असलेल्या रिक्षा मोजू लागतो. चौथ्या हाकेला आईचा आवाज चढतो; पाचवी हाक मारण्याऐवजी ती येऊन पाठीत धपाटा घालते. 'आमच्या वेळी एका हाकेत मुले पाटावर बसत,' असे आजोबा म्हणतात. वडील दरडावून विचारतात, 'आईने काय सांगितले होते?' आणि मुलगा हुंदके देत अचूक उत्तर देतो, 'हात धुवून ये.'

या उत्तराने घरातल्यांचा संताप अधिकच वाढतो. ऐकू आले होते, समजलेही होते, तरी केले नाही. मग हा हट्ट नव्हे तर काय? वरवर पाहता हा प्रश्न बिनतोड वाटतो. परंतु अशा मुलांचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांनी नेमके येथेच बोट ठेवले आहे. या मुलांना काय करावे हे ठाऊक असते. जे ठाऊक आहे ते त्या क्षणी अमलात आणण्याची शक्ती त्यांच्या ठिकाणी तोकडी पडते. या अवस्थेला इंग्रजी आद्याक्षरांवरून एडीएचडी असे म्हणतात. मराठीत तिला अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता असे म्हणता येईल.

एक खुलासा आधीच करणे जरूर आहे. बाळकृष्णाच्या खोड्यांचे कौतुक करीत वाढलेल्या आपल्या समाजाला द्वाड मूल नवे नाही, आणि प्रत्येक द्वाड मुलाला विकार चिकटवणे हा शुद्ध अविचार होय. चार-पाच वर्षांचे मूल धावणार, सांडणार, मध्येच बोलणार. डॉक्टर जेव्हा या विकाराचे निदान करतात, तेव्हा अनवधान, अतिचंचलता आणि उतावीळपणा ही लक्षणे त्या वयाच्या इतर मुलांच्या मानाने पुष्कळच अधिक आहेत काय, ती निदान सहा महिने टिकली आहेत काय, आणि घर व शाळा अशा दोन ठिकाणी तरी दिसतात काय, हे ते पाहतात. केवळ शाळेतच किंवा केवळ आजोळीच मूल बिथरत असेल, तर कारण बहुधा त्या ठिकाणी शोधावे लागते. ऐकू कमी येणे, झोप पुरी न होणे, घरातील भांडणे यांनीही मूल असेच वागू शकते. शिवाय अनेक देशांतील पाहण्यांत असे आढळले आहे की, वर्गातल्या वयाने सर्वांत लहान मुलांवर या निदानाचा शिक्का अधिक वेळा बसतो. जे केवळ वयाचे लहानपण होते, त्याला तेथे विकाराचे नाव मिळालेले असते. उलट, खिडकीबाहेर पाहत स्वप्नात रमणारी मुलगी कोणालाच त्रास देत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही. जगभरच्या पाहण्या एकत्र करून काढलेला अंदाज असा की, शंभर मुलांत पाचांच्या आसपास मुलांना हा विकार असतो. वर्गात चाळीस मुले असली तर त्यांत अशी एक-दोन असावयाचीच.

हे फॅड अलीकडचे आहे, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. नाव अलीकडचे आहे, हे खरे. परंतु फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिख हॉफमन यांनी आपल्या लहान मुलाला नाताळची भेट म्हणून १८४४ साली जे चित्रपुस्तक स्वतः तयार केले, आणि जे पुढच्याच वर्षी छापले गेले, त्याच्या पुढील आवृत्तीत जेवणाच्या टेबलाशी स्वस्थ बसू न शकणारा, खुर्ची झुलवता झुलवता सगळे ताटवाट्यांसकट खाली ओढणारा फिलिप आहे. १९०२ साली लंडनमध्ये डॉक्टर जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी वैद्यांपुढे दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांचे बारकाईने वर्णन केले. बुद्धी शाबूत असूनही ज्यांचे चित्त ठरत नाही आणि ज्यांच्यावर शिक्षेचा परिणाम टिकत नाही, अशी ती मुले होती. स्टिल यांनी याला नैतिक नियंत्रणातील उणीव म्हटले. हे शब्द आज कोणी वापरत नाही. पण शिक्षा झाल्यावर थोड्याच वेळात मूल तीच चूक पुन्हा करते हे त्यांचे निरीक्षण आजच्या कोणत्याही आईला पटेल. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांना, उत्तेजक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका औषधाने अशी मुले शांतपणे अभ्यास करू लागतात, असे काहीसे योगायोगानेच आढळून आले. त्याच साली मुंबईत, दोराबजी टाटांच्या नावाने निघालेल्या समाजकार्याच्या विद्यालयाने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले होते. मूल बिघडले तर छडीखेरीज आणखी काही उपाय असू शकतो, हा विचार आपल्याकडेही तेव्हापासून रुजू लागला.

हे मूल तेव्हाच्या तेव्हा का थांबू शकत नाही, यावर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनाने बराच प्रकाश टाकला. मेंदूच्या बाह्य आवरणाची जाडी वयाबरोबर वाढत जाते आणि एका टप्प्यानंतर कमी होऊ लागते. सर्वसाधारण मुलांत त्या आवरणाच्या निम्म्या भागाने हा टप्पा साडेसात वर्षांच्या सुमारास गाठलेला होता. या मुलांत त्यासाठी साडेदहा वर्षे लागली. विलंब सर्वांत अधिक होता तो कपाळामागच्या भागात, म्हणजे जेथून मनाला लगाम घातला जातो तेथे. हे आकडे सरासरीचे आहेत. एकट्यादुकट्या मुलाच्या मेंदूचे चित्र काढून निदान होत नाही, आणि तसे कोणी सांगत असेल तर सावध राहावे. गोड खाण्याने मूल चळते ही समजूतही काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगांत टिकली नाही. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी ऐकल्याने मूल असे होते, हे परप्रांतातल्या मराठी कुटुंबांना वारंवार ऐकवले जाते. त्यालाही आधार नाही.

'मग मातीचा गणपती करताना हाच मुलगा दोन तास कसा बसतो?' ही शंका रास्त आहे. मातीच्या गोळ्यातून सोंड निघताना दिसते. केल्याचे फळ त्याच क्षणी बोटांखाली येते, आणि ती गोडीच चित्ताला धरून ठेवते. हात धुण्यात अशी गोडी कोठली? गोडी नसलेल्या कामाला आपण होऊन चित्त लावणे, वाटेतला मोह दूर सारणे, एवढेच त्याला साधत नाही. आणि दुर्दैवाने घरातली व शाळेतली बहुतेक कामे त्याच जातीची असतात.

अशा घरात सर्वांत मोठा अन्याय आईवर होतो. सासरची माणसे, शेजारी, प्रसंगी शिक्षिकाही, सर्वांचे एकमत असते की आईने लाडावून ठेवले आहे. वस्तुतः जुळ्या मुलांच्या अभ्यासांवरून या विकारातला सुमारे तीन चतुर्थांश वाटा आनुवंशिक असल्याचे दिसते. 'मीही लहानपणी असाच होतो' असे वडील हसत सांगतात, ते पुष्कळदा अक्षरशः खरे असते. त्यातून एक अडचणही उद्भवते. ज्या मुलाला ठरलेल्या वेळी ठरलेली गोष्ट होण्याची सर्वांहून अधिक गरज, त्याच्या घरात ती वेळ पाळायची कोणी? तर जे स्वतः किल्ल्या हरवतात आणि विजेचे बिल भरायला विसरतात, त्या पालकांनी! त्यांना नुसती शिस्तीची प्रवचने देऊन भागत नाही. भिंतीवर चित्रांचा तक्ता, दाराशी दप्तराची एकच खुंटी, असे बाहेरचे आधार मुलाइतकेच त्यांनाही लागतात.

पालनपोषणामुळे विकार जडत नाही, हे एकदा मान्य केले, तरी त्याचे पुढे काय होते हे मात्र पालनपोषणावर पुष्कळ अवलंबून असते. जेराल्ड पॅटर्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने घराघरांत चालणाऱ्या एका दुष्टचक्राचे वर्णन केले आहे. आई सांगते, मूल टाळते; आई ओरडते, मूल आकांत मांडते; शेवटी थकून आई सांगणे सोडून देते. आकांत केला की सुटका होते, हे मूल शिकते. दुसऱ्या दिवशी आई थेट हात उगारते आणि मूल मुकाट उठते. मारल्याशिवाय काम होत नाही, हे आई शिकते. दोघेही आपापल्या परीने चांगले विद्यार्थी, आणि शिकवणी रोजची! अशा घरात दिवसाकाठी मुलाच्या कानी पडणाऱ्या वाक्यांपैकी किती वाक्ये त्याच्या नावाने खडे फोडणारी असतात, याची मोजदाद एखाद्या दिवशी करून पाहावी. शाळेत जाण्यापूर्वीच त्या मुलाची खात्री होऊन चुकते की आपण वाईट आहोत. चंचलता वयाबरोबर पुष्कळांची ओसरते. ही खात्री तितक्या सहज ओसरत नाही.

म्हणूनच सहा वर्षांखालील मुलांसाठी पहिला उपाय म्हणून आज औषध सांगितले जात नाही. पालकांना वागणुकीचे शिक्षण द्यावे, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ साली सांगितले आणि २०१९ साली त्याचा पुनरुच्चार केला. हे शिक्षण ऐकायला इतके साधे वाटते की पालक प्रथम निराशच होतात. सरकारी कचेरीत परिपत्रक निघाले की काम झाले असे मानण्याची एक खोड असते. घरातही दुसऱ्या खोलीतून हाक मारली की आज्ञा पोहोचली असे आपण धरून चालतो. या मुलाच्या बाबतीत आज्ञा घेऊन स्वतः जावे लागते. जवळ जायचे, खाली वाकायचे, खांद्यावर हात ठेवून डोळ्यांत डोळे मिळवायचे आणि एकच गोष्ट थोडक्यात सांगायची. 'हात धुवून, कपडे बदलून, दप्तर उचलून ये' यात तीन कामे आहेत, आणि त्यांतली दोन वाटेतच सांडतात. 'हात धुतोस का?' असेही विचारू नये. प्रश्नाला 'नाही' हे उत्तर असू शकते.

त्याहून कठीण भाग कौतुकाचा आहे. आपल्याकडे मुलाची तोंडावर स्तुती करू नये, असा जुना संकेत आहे. पण या मुलाला शिकवण्याचे कौतुकाइतके हुकमी साधन दुसरे नाही. मात्र ते त्याच मिनिटाला आणि नेमक्या शब्दांत हवे. 'शहाणा माझा बाळ' याने त्याला काही कळत नाही. 'सांगितल्याबरोबर उठलास' याने कळते. महिनाअखेर सायकल देऊ हे वचन त्याच्या लेखी पुढच्या जन्मीचे पुण्य होय. आज जेवणानंतर एक गोष्ट जास्त, हे खरे. रोज दहा-पंधरा मिनिटे त्याच्या मनाजोगा खेळ त्याच्या कलाने, काही न शिकवता खेळावा. बारीकसारीक चाळ्यांकडे दुर्लक्ष करावे, पण एक धोका ध्यानात ठेवून: दुर्लक्ष सुरू केले की पहिले काही दिवस चाळे वाढतात. नेमके तेव्हाच आजीने द्रवून खाऊ दिला, तर आधीचे सारे कष्ट वाया जातात. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विश्वासात घेणे हा उपचाराचाच भाग होय. लग्नाच्या कार्यालयात किंवा लांबच्या रेल्वेप्रवासात काय करायचे हे दाराबाहेरच, आत शिरण्यापूर्वी, ठरवून घ्यावे.

एवढे करूनही मुलाचे हाल थांबत नसतील, तर औषधाचा विचार डॉक्टर करतात. त्यात प्रमुख मेथिलफेनिडेट. स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीत १९४४ साली ते प्रथम तयार झाले, आणि ते बनवणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाने आपल्या पत्नीच्या नावावरून त्याला रिटालिन हे नाव दिले. त्याचा परिणाम काही तासांचा असतो. ते विकार मुळापासून काढत नाही, भूक आणि झोप कमी करू शकते, आणि लहानग्यांच्या बाबतीत उंची-वजनावर डॉक्टरांची देखरेख लागते.

शाळेचा प्रश्न अधिक बिकट आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने मुलाला मारणे व मानसिक छळ करणे यांना मनाई केली. वर्गाबाहेर उभे करण्याची प्रथा त्यानेही पुरती गेलेली नाही. वस्तुतः फळा पुसणे, हजेरीपट कार्यालयात पोहोचवणे अशी कामे या मुलाला दिली, तर त्याचे हिंडणे वर्गाच्या उपयोगी पडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघर येथून सुरू झाला; त्याच्या तपासणीच्या यादीत या विकाराचे नाव आहे, आणि त्यात आढळलेल्या मुलांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी केंद्रांची योजना आहे. मात्र दिव्यांगांच्या हक्कांविषयी २०१६ साली झालेल्या कायद्यातील एकवीस प्रकारांत याला स्वतंत्र जागा मिळालेली नाही. म्हणजे यादीत नाव असलेले हे मूल हक्कांच्या दाराशी आले की पुन्हा अडते. कागदोपत्री अशी विसंगती एका ओळीची असते. पालकांना ती खेटे घालून समजते.

त्या साडेपाच वर्षांच्या मुलाच्या घरी पुढे एकदा पाने मांडल्यावर आई हाक न मारता स्वतः उठली. चष्म्याच्या घराशी थबकलेल्या मुलाच्या खांद्यावर तिने हात ठेवला, 'हात धुवून ये' म्हणाली, आणि तो मोरीत शिरेपर्यंत तेथेच उभी राहिली. मुलगा ओले हात हलवीत परत आला. 'लगेच गेलास,' असे ती म्हणाली, तेव्हा तो जरा चकित होऊन तिच्याकडे पाहत राहिला. नळ मात्र उघडाच राहिला होता. तो आजोबांनी उठून बंद केला, आणि त्याविषयी ते काही बोलले नाहीत.