उष्मांकाचा हिशेब

बिस्किटांच्या पुड्याच्या पाठीमागे बारीक अक्षरांत जे कोष्टक छापलेले असते, त्याची पहिली ओळ बहुधा ऊर्जेची असते: शंभर ग्रॅमांमागे साडेचारशेच्या आसपास किलोकॅलरी. ही ओळ वाचून ‘पदार्थ फार उष्ण दिसतो’ असे म्हणत पुडा खाली ठेवणारे सुशिक्षित गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. त्यांस हसण्याचे कारण नाही. कॅलरीस मराठीत ‘उष्मांक’ हे नाव रूढ झाले, आणि आमच्या घरोघरी पदार्थांची उष्ण व थंड अशी वाटणी पूर्वापार चालत आलेली. तेव्हा दोहोंचा घोटाळा व्हावयाचाच. वस्तुतः ह्या दोन गोष्टींचा परस्परांशी काडीमात्र संबंध नाही. पपई उष्ण म्हणून गर्भिणीस देत नाहीत. पण शंभर ग्रॅम पपईत पन्नासही उष्मांक नसतात. उलट ज्या तांदळाची पेज थंड म्हणून तापकऱ्यास पाजतात, त्याच्या शंभर ग्रॅमांत सुमारे ३५० असतात. धान वाफवून काढलेल्या ज्या तांदळास गोंदियाच्या बाजारात ‘उष्णा’ म्हणतात, त्याचे उष्मांकही अरव्याइतकेच.

मग उष्मांक म्हणजे काय? एक किलो पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास जेवढी उष्णता लागते, ती एक किलोकॅलरी. एक ग्रॅम पाण्यास तितकेच तापविणारी ती लहान कॅलरी. एक हजार लहान कॅलरी मिळून एक मोठी होते. अन्नाच्या गोष्टीत लोक नुसते ‘कॅलरी’ म्हणतात तेव्हा ही मोठीच अभिप्रेत असते. हा शब्द १८२० च्या सुमारास पॅरिस येथे निकोला क्लेमां ह्या रसायनशास्त्रज्ञाने आपल्या व्याख्यानांत वापरला, आणि तोही वाफेच्या यंत्रांच्या संदर्भात. म्हणजे हे माप प्रथम भट्टीचे होते, ताटाचे मागाहून झाले. आजही भट्टीत त्याचा मान मोठा आहे. तिरोड्याच्या ३३०० मेगावॅटच्या वीजकेंद्रात जळतो तसल्या कोळशाची प्रत आपल्या देशात २०१२ पासून त्याच्या उष्मांकांवरच ठरते.

परंतु भट्टी आणि पोट ह्यांत भेद आहे, व तो गोंदियाकरांइतका दुसऱ्या कोणास लवकर पटणार नाही. शंभर किलो धान भरडले तर सरकारी हिशेबाने सदुसष्ट किलो तांदूळ निघतो, आणि वीस किलोंच्या आसपास तूस. हे तूस गिरणीच्या बॉयलरात घातले तर किलोमागे तीन हजारांच्या घरात उष्मांक देते; तांदूळ साडेतीन हजार देतो. आकड्यांत अंतर थोडे, पण तूस खाऊन कोणी जगल्याचे ऐकिवात नाही. माणसाच्या आतड्यांस जे पचत नाही, ते कितीही चांगले जळत असले तरी अन्नाच्या जमेस धरता येत नाही. ही वजावट करून अन्नाचे खरे मोल काढण्याचे श्रेय मुख्यत्वे विल्बर अ‍ॅटवॉटर ह्या अमेरिकन संशोधकास आहे. त्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसास बंद खोलीत ठेवून त्याच्या अंगातून निघणारी उष्णता मोजली. पिष्ट व प्रथिने ह्यांचे ग्रॅमामागे चार आणि स्निग्धाचे नऊ, हे आजच्या कोष्टकांतील आकडे त्याच्याच परिश्रमांचे फळ होय.

आता माणसास दिवसाला किती लागतात ते पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या आकड्यांनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषास सुमारे २११० उष्मांक पुरतात, तर जड श्रमाच्या स्त्रीस २७२० लागतात. म्हणजे गादीवर बसून धानाचा सौदा करणाऱ्या शेठजींपेक्षा, आषाढात बांधीच्या चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाईची भूक सहाशे उष्मांकांनी मोठी आहे. घरी गेल्यावर मात्र सर्वांचे उरकून मागे राहील ते तिच्या वाट्यास येते. ही रीत कोणत्या शास्त्रात बसते, हे आमच्या वाचकांनी आपापल्या स्वयंपाकघरांत विचारून पाहावे.

ह्याच मापाने देशाचे दारिद्र्य मोजण्याचा मान पुण्यास आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ ह्यांनी १९७१ साली माणशी रोज २२५० उष्मांक मिळविण्याची ऐपत ही रेषा धरली. (एवढ्या उष्णतेने साध्या पाण्याच्या तीस लिटरांस उकळी फुटेल.) ग्रामीण भागातील सुमारे चाळीस टक्के व शहरांतील निम्मे लोक त्या रेषेखाली असल्याचे त्यांनी दाखविले. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे सुपुत्र पां. वा. सुखात्मे ह्यांनी त्यास हरकत घेतली. माणसामाणसांत, इतकेच नव्हे तर एकाच माणसाच्या दोन दिवसांत, गरज कमीअधिक होते. सरासरीखालच्या प्रत्येकास उपाशी म्हणणे शास्त्रशुद्ध नव्हे, असे त्यांचे म्हणणे. सुखात्म्यांचा संख्याशास्त्रीय मुद्दा आम्हांस मान्य आहे. पण तो मुद्दा हाती धरून कोणी भुकेचा आकडा कमी करू पाहील, तर त्यास आमचा विरोध राहील. पुढे २००९ साली तेंडुलकर समितीने ही रेषा उष्मांकांपासून सोडविली. तो वाद निराळा.

अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ पासून पात्र कुटुंबातील प्रत्येकास महिन्याला पाच किलो धान्य ठरविले आहे. तांदूळ धरला तर दिवसाला १६७ ग्रॅम, म्हणजे ५८० च्या आसपास उष्मांक. दांडेकरांच्या रेषेचा हा चौथा हिस्सा. बाकीचे तीन हिस्से मजुरीतून आणावयाचे. फुकटच्या धान्याने लोक आळशी झाले असे आमच्या बाजारपेठेत वारंवार ऐकू येते. तसे बोलणाऱ्यांनी हा भागाकार एकदा स्वतः करावा.

असो. उष्मांकांची बाजू घेताना त्यांचा दोषही सांगितला पाहिजे. आमच्याकडे धानाच्या ओलीवर पिकणाऱ्या लाखोळीच्या डाळीत उष्मांक इतर डाळींएवढेच आहेत. ती थोडी, इतर अन्नासोबत खाणाऱ्यास सहसा बाधा होत नाही. पण दुष्काळात महिनोन् महिने तिच्यावरच ज्यांनी गुजराण केली, त्यांच्यापैकी अनेकांचे पाय कायमचे लुळे पडले. उष्मांकांच्या आकड्यात त्या विषाचा मागमूस नव्हता.

शाळेतील पोषण आहारात हाच आंधळेपणा दुसऱ्या रीतीने बाधतो. प्राथमिक वर्गाच्या मुलास एका जेवणात ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे, आणि त्यासाठी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५ ग्रॅम तेल व ५० ग्रॅम भाजी नेमून दिली आहे. ह्यांतील तांदळाचेच ३५० होतात, तेलाचे ४५. समजा डाळ पातेल्यात पडलीच नाही, तर उष्मांकांत जेमतेम सत्तर कमी होतील आणि मूल पोट भरले म्हणून हसत उठेल. प्रथिने मात्र १२ ऐवजी सात-आठांवर येतील. ज्या जिल्ह्यात घरीही दोन्ही वेळा भातच, तेथे त्या मुलास ही तूट भरून काढावयास दुसरी जागा कोठे आहे? शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात आणि त्यांत पुष्कळसे दुकानदारही असतात. त्यांनी महिन्यातून एकदा पूर्वसूचना न देता शाळेत जावे, पटावरील हजेरी मोजावी, व त्या दिवशी चुलीवर चढणारी डाळ दर मुलामागे वीस ग्रॅम भरते किंवा नाही, हे आपल्या दुकानातील तराजूवर पाहावे.