खाऱ्या वाऱ्यातली पद्मिनी : जुन्या गाडीचा तळ नव्याने घडवताना

प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाडीत तळाचा पत्रा हा नुसता पाय ठेवायचा आधार नसतो, तो गाडीच्या सांगाड्याचा भाग असतो. इटलीच्या फियाट ११०० वर बेतलेली ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने तयार होऊ लागली. १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले. तिला वेगळी चासी नाही. तळ, दारांखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि छत मिळून जी पेटी तयार होते, तीच सगळा भार पेलते. महिंद्राने १९४७ मध्ये जुळणी सुरू केलेल्या विलीज जीपची गोष्ट वेगळी. तिची बॉडी स्वतंत्र चासीवर बोल्टने बसते, त्यामुळे तळ सडला तरी चासी शाबूत राहू शकते. पद्मिनीचा तळ सडला, की दारे नीट लागेनाशी होतात, सीटचे बोल्ट पकड सोडतात आणि अपघातात माणसाला मिळणारे संरक्षण घटते.

मालवण किनाऱ्यावर हे सडणे झपाट्याने होते. देवबागसारख्या गावाला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी. तिथे उभ्या गाडीला खारा वारा दोन्हीकडून लागतो. पत्र्यावर बसलेले मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून पाऊस नसतानाही पत्रा ओलसर राहतो. मिठातले क्लोराइड लोखंडावरचा संरक्षक थर फोडते. त्यात सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. समोरच्या काचेच्या जुनाट रबरातून झिरपलेले पाणी गालिच्याखालच्या नमद्यात मुरते आणि महिनोन्‌महिने तिथेच राहते. खालून चाकांनी उडवलेला तांबडा चिखल पोकळ पट्ट्यांची पाणी निघायची भोके बुजवतो. झाकून ठेवल्यावर ही ओल सुकत नाही; म्हणूनच मांगरात (गोठ्यात) ताडपत्रीखाली ठेवलेली गाडी अनेकदा आतून जास्त गंजलेली निघते.

कामाची सुरुवात तपासणीने होते. सीट, गालिचा आणि नमदा काढून, डांबरी लेप खरवडून पत्रा उघडा करतात. अणकुचीदार हत्याराने टोचत गेले, की शाबूत पत्रा खणखणीत आवाज देतो आणि सडलेला पत्रा आत दबतो. कापायची रेघ नेहमी गंजाच्या पलीकडे, निरोगी पत्र्यावर आखायची असते. सडलेल्या भागावर वरून ठिगळ मारले, तर दोन थरांमध्ये ओल अडकते आणि एक-दोन पावसाळ्यांत ठिगळाच्या कडेने गंज पुन्हा वर येतो.

कापण्याआधी गाडीला आतून आधार देणे ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. गाडी सपाट जागी समपातळीत टेकवून दाराच्या चौकटीत लोखंडी नळ्या आडव्या-तिरप्या जोडतात आणि कर्णांची मापे लिहून ठेवतात. आधाराविना तळ कापला, तर पेटी वाकते आणि नवा पत्रा वाकडेपणासकट कायमचा बसतो. बॅटरी, पेट्रोलची टाकी, पेट्रोलच्या नळ्या आणि वायरिंग याच वेळी बाजूला काढतात.

जुना तळ सडका असला, तरी नव्याचा नमुना तोच असतो. त्यावर पुठ्ठा ठेवून कडा, बोल्टची भोके, गिअरबॉक्सवरचा उंचवटा आणि पत्र्यातल्या उठावदार नाळ्या उतरवून घेतात. एक बाजू पूर्ण सडली असेल, तर दुसऱ्या बाजूचे माप उलटे करून वापरता येते. मात्र दोन्ही बाजू सारख्याच असतील असे गृहीत न धरता प्रत्येक भोक मोजून पाहावे लागते.

नव्या तळासाठी सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा योग्य. २० गेज म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर आणि १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडी; मूळ शाबूत तुकडा मोजून त्याच्या जवळची जाडी निवडतात. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा गंजाला टिकतो, पण वेल्डिंगच्या उष्णतेत त्यावरचे जस्त उकळते. तो धूर श्वासात गेला तर ताप भरतो, शिवाय सांधाही सच्छिद्र राहतो. नाळ्या शोभेच्या नसतात. सपाट पत्रा पायाखाली लवतो आणि गाडी चालताना धडधडतो. नाळी पाडली की तोच पत्रा ताठ होतो. नाळी पाडणारे बीडिंगचे यंत्र नसेल, तर कठीण लाकडात खाच कोरून त्यावर पत्रा आवळतात आणि बोथट ठोकणीने थोडा थोडा खाली बसवतात. एकाच जागी जोर लावला तर पत्रा ताणून फाटतो.

मूळ आकार राखण्याला कायद्याचीही बाजू आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद करता येते, पण चासी, बॉडी-शेल आणि इंजिनात मोठे फेरबदल झालेले नसावेत अशी अट आहे. त्यामुळे कामाच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे जपून ठेवणे हिताचे.

नवा पत्रा आधी क्लॅम्प आणि स्क्रूने बसवून पाहतात, दारे उघडून-मिटून बघतात, मगच जोडतात. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्डिंग होते, तिथे वरच्या पत्र्याला सहा ते आठ मिलिमीटरची भोके पाडून ती सीओटू वेल्डिंगने भरतात. लांब सांधा एका दमात ओढला तर पत्रा लाटेसारखा उठतो, म्हणून दूरदूर टाके घालत, मधे थंड होऊ देत सांधा पुरा करतात. गॅस वेल्डिंगची उष्णता अधिक पसरते, त्यामुळे या कामाला ते कमी सोयीचे.

कोकणात काम इथे संपत नाही. एकावर एक येणाऱ्या कडांना जोडण्याआधीच झिंक प्रायमर लागतो. नंतर दोन्ही बाजूंनी एपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलर, खालून अंडरकोटिंग आणि पोकळ पट्ट्यांत मेणाचा फवारा अशी संरक्षणाची साखळी पूर्ण करावी लागते. पाणी निघायची भोके मोकळी राहिलीच पाहिजेत. नमद्याऐवजी उचलून वाळवता येणारी रबरी चटई बरी. गाडी किनाऱ्यावर नेली, तर परतल्यावर तिचा तळ गोड्या पाण्याने धुवावा. पावसाळ्याआधी काचेचे रबर तपासावे आणि पावसाळा सरल्यावर चटई उचलून तळ कोरडा आहे ना हे पाहावे.