मुद्देमाल वाचायला शिकताना

‘व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे.’ संशयास्पद मृत्यूची बातमी मराठी वर्तमानपत्रात बहुतेक वेळा या वाक्यावर थांबते. त्यानंतर त्या व्हिसेऱ्याचं काय होतं, हे फारसं कुठे छापून येत नाही. शवविच्छेदन करणारे डॉक्टर जठर आणि त्यातला ऐवज, लहान आतड्याचा भाग, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड यांचे तुकडे बरण्यांत भरतात आणि त्यावर साध्या मिठाचं संपृक्त द्रावण ओततात. फॉर्मॅलिन टाळतात, कारण त्यामुळे ऊती कडक होतात आणि विष वेगळं काढणं अवघड होतं. रक्ताच्या बाटलीत सोडियम फ्लोराइड असतं. ते नसेल तर रक्तात वाढणारे सूक्ष्मजीव स्वतःच अल्कोहोल तयार करू शकतात आणि न प्यायलेला माणूस प्यायलेला ठरू शकतो. बरण्यांना लाखेचं सील लागतं आणि पोलीस ठाण्याचा शिपाई पत्र व सीलचा नमुना घेऊन त्या प्रयोगशाळेत पोचवतो. प्रयोगशाळा सगळ्यात आधी सील तपासते. ते शाबूत आहे का, नमुन्याशी जुळतं का, पत्रातलं वर्णन आणि हातातली वस्तू एकच आहे का, हे नोंदवलं जातं. त्यानंतरच झाकण उघडतं.

महाराष्ट्रात हे काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय करतं. ते गृह विभागाच्या अखत्यारीत असून त्याचं मुख्यालय मुंबईत कलिन्याला आहे. नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर इथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. पोलीस आणि वकील अजूनही तिथल्या अहवालाला ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात. ‘केमिकल अ‍ॅनालायझर’ या जुन्या हुद्द्याचं हे लघुरूप. विषप्रयोगाच्या खटल्यांसाठी इंग्रजांनी मद्रासला १८४९ मध्ये, कलकत्त्याला १८५३ मध्ये आणि मुंबईला १८७० मध्ये रासायनिक परीक्षकाची प्रयोगशाळा सुरू केली, त्या काळापर्यंत ही परंपरा मागे जाते. बोटांच्या ठशांचा जगातला पहिला विभागही १८९७ साली कलकत्त्यात उघडला आणि त्याच्या वर्गीकरणाचं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी बसवलं, तरी पद्धतीला नाव लागलं त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचं. एका बाबतीत आपण मागे राहिलो. प्रयोगशाळा एवढ्या लवकर आल्या, पण त्यात बसणाऱ्या माणसाला हे शास्त्र म्हणून शिकवणारी विद्यापीठं फार उशिरा आली. मध्य प्रदेशातल्या सागर विद्यापीठात १९५९ मध्ये गुन्हेशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञानाचा विभाग निघाला. महाराष्ट्रात मात्र अनेक दशकं रसायनशास्त्राचा किंवा जीवशास्त्राचा पदवीधर नोकरीला लागायचा आणि काम टेबलावरच शिकायचा.

त्या पिढीने केलेलं काम साधं नव्हतं. १९७४ साली मुंबईच्या प्रयोगशाळेत रुजू झालेल्या रुक्मिणी कृष्णमूर्ती पुढे तिथल्या पहिल्या महिला संचालक झाल्या. त्यांच्या कारकिर्दीत १९९३ चे बॉम्बस्फोट आणि तेलगीचा मुद्रांक घोटाळा अशी प्रकरणं प्रयोगशाळेच्या टेबलावरून गेली. ज्याची मुद्दाम आठवण करून द्यायला हवी, असं दुसरं काम कीटकनाशकांचं. आपल्या राज्यात विषबाधेचं प्रकरण म्हटलं की बहुतेक वेळा शेतातलं औषध असतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात तर नुसत्या फवारणीने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अशा व्हिसेऱ्यात कोणतं औषध आहे ते स्वस्तात आणि खात्रीने ओळखायचं, तर पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीला पर्याय नसतो. काचेच्या पट्टीवर सिलिका जेलचा थर असतो, खालच्या कडेला अर्काचा थेंब ठेवतात, द्रावक वर चढतो आणि प्रत्येक घटक आपापल्या उंचीवर थांबतो. मग पट्टीवर असं रसायन फवारायचं की फक्त हवा तोच घटक रंग धरेल. असे नवे फवारे महाराष्ट्राच्या प्रयोगशाळांतल्या वैज्ञानिकांनी, विशेषतः औरंगाबादच्या, ऐंशी-नव्वदच्या दशकांत शोधले आणि ते परदेशी नियतकालिकांतून प्रसिद्ध केले. कार्यालयीन कामाच्या रगाड्यात, महागड्या यंत्रांशिवाय झालेलं हे संशोधन आहे. न्यायसहायक विज्ञान शिकायला येणाऱ्या प्रत्येक मराठी मुलामुलीला ते माहीत असायला हवं.

राज्य सरकारने २००९ साली मुंबईत आणि औरंगाबादेत, त्यानंतर नागपुरात, शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था सुरू केल्या. मुंबईची संस्था मादाम कामा मार्गावर, जुन्या विज्ञान संस्थेच्या आवारात आहे. बारावी विज्ञाननंतर पदवी, मग पदव्युत्तर पदवी आणि शिवाय न्यायसहायक विज्ञान व संबंधित कायदा, डिजिटल व सायबर तपास व संबंधित कायदा असे पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम तिथे आहेत. गुजरातेत गांधीनगरला २००८-०९ च्या सुमारास उभं राहिलेलं विद्यापीठ २०२० मध्ये संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ झालं. त्याचं एक संकुल गोव्यात फोंड्याच्या कुर्टीत आहे. कोकणातल्या आणि कोल्हापूरकडच्या विद्यार्थ्यांना आता गांधीनगर गाठण्याची गरज उरलेली नाही.

वर्गात पहिल्यांदा मोडते ती घाई. रक्ताची प्राथमिक चाचणी घ्या. डागाला ओला टिपकागद लावायचा, त्यावर फिनॉल्फथॅलिनचं विरंजित द्रावण, मग हायड्रोजन पेरॉक्साइड. काही क्षणांत गुलाबी रंग येतो आणि सगळ्या वर्गाला वाटतं, रक्त सापडलं. मग शिक्षक तीच चाचणी एखाद्या भाजीच्या रसावर करून दाखवतात. तिथेही गुलाबी रंग येतो, कारण वनस्पतींतली पेरॉक्सिडेज विकरं तीच प्रक्रिया घडवतात. काही धातूंची संयुगंही घडवतात. म्हणजे या चाचणीने ‘रक्त असू शकेल’ एवढंच म्हणता येतं. ‘रक्त आहे’ म्हणायला स्फटिकांची दुसरी चाचणी लागते, ‘माणसाचं आहे’ म्हणायला तिसरी आणि ‘या माणसाचं आहे’ म्हणायला डीएनए. चारही वाक्यं वेगळी आहेत, आणि खालच्या पायरीवर उभं राहून वरच्या पायरीचं वाक्य लिहायचं नाही, हे अंगवळणी पडायला तीन वर्षं लागतात. पदवीचा गाभा माझ्या मते हाच. यंत्रं बदलतील, ही शिस्त बदलणार नाही.

विहिरीतल्या मृतदेहाचं प्रकरण हा असाच एक धडा. माणूस जिवंतपणी बुडाला की मेल्यावर आत टाकला, हा ग्रामीण महाराष्ट्रात वारंवार येणारा प्रश्न. पाण्यात डायटम नावाची सूक्ष्म शैवालं असतात आणि त्यांचं कवच सिलिकाचं असतं. बुडताना श्वासाबरोबर पाणी फुप्फुसांत जातं आणि हृदय चालू असेल तर हे कण रक्तावाटे हाडाच्या मज्जेपर्यंत पोचतात. मज्जा नायट्रिक आम्लात विरघळवली तरी कवच टिकतं, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली ते शोधायचं आणि त्याच विहिरीच्या पाण्यातल्या डायटमांशी ताडून पाहायचं. पण विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासी अंमलदाराने घेतलाच नसेल, तर तुलना कशाशी करणार? आणि डायटम सापडले नाहीत, म्हणून माणूस बुडाला नाही असंही म्हणता येत नाही. काही पाण्यात ते मुळातच विरळ असतात. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, शरीरशास्त्र आणि पोलिसी कामाची कार्यपद्धती हे सगळं एकाच बाटलीभोवती असं एकत्र येतं. बोटांच्या ठशांचे शंख-चक्र, कागदावरचे ठसे जांभळे करणारं निनहायड्रिन, गोळीवरच्या ओरखड्यांची तुलना करणारा जोड-सूक्ष्मदर्शक, आवाजाची ओळख, मोबाइलमधून काढलेली माहिती हेही अभ्यासक्रमात असतंच.

कायद्याचा पेपर विद्यार्थ्यांना बहुधा सर्वांत कंटाळवाणा वाटतो. पुढे उपयोगी पडतो तोच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ नुसार ठरावीक शासकीय वैज्ञानिकांचा अहवाल त्यांना साक्षीला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. पण न्यायालयाला वाटलं तर ते बोलावू शकतं. बोलावणं येतं तेव्हा चाचणीला कित्येक वर्षं उलटलेली असतात. उलटतपासात बचावाचे वकील विचारतात, सील कोणी उघडलं, दुसरा नमुना त्या दिवशी टेबलावर होता का, किती मिलिलिटर घेतलं, उरलेलं कुठे आहे. त्या वेळी आठवणीचा काहीच उपयोग नसतो. जे त्या दिवशी वहीत लिहिलं तेवढंच खरं. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यातल्या कल्याणीनगरच्या मोटार अपघाताने हे सगळ्या राज्याला दाखवलं. आरोपी चालकाच्या रक्ताचा पहिला नमुना रुग्णालयातच बदलला गेल्याचं पोलिसांनी सांगितलं, आणि ते उघड झालं ते दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी डीएनएची तुलना केल्यामुळे. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. विद्यार्थ्याने त्यातून घ्यायचं ते एवढंच की, नमुना ज्याचा म्हणून आला त्याचाच आहे ना, हा प्रश्न कोणत्याही चाचणीच्या आधी येतो.

या शास्त्राच्या नावावर जास्तीचं काही बोललं गेलं की काय होतं, त्याचं उदाहरणही पुण्याचंच आहे. २००८ साली तिथल्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात मेंदूतल्या विद्युतलहरींच्या चाचणीचा आधार घेतला. चाचणी मुंबईच्या प्रयोगशाळेत झाली होती. ‘अनुभवाची स्मृती’ यंत्राने ओळखता येते, हा दावा जगभरच्या मेंदूवैज्ञानिकांना मान्य नव्हता. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निकाल दिला की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची अशी चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही. याउलट इंग्लंडमध्ये १९८६ साली अ‍ॅलेक जेफ्रीज यांच्या डीएनए तंत्राचा गुन्ह्याच्या तपासात पहिल्यांदा वापर झाला, तेव्हा त्याने आधी सोडवलं ते गुन्ह्याची कबुली दिलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला. खरा गुन्हेगार नंतर सापडला. ही दोन प्रकरणं प्रत्येक वर्गात शेजारी-शेजारी ठेवून शिकवावीत असं मला मनापासून वाटतं.

आता नोकरीचं. प्रवेशाच्या वेळी पालक विचारतात तो हाच प्रश्न आणि त्याचं उत्तर सरळ द्यायला हवं. हा अभ्यासक्रम करून शवविच्छेदन करता येत नाही. ते डॉक्टरांचं काम आहे आणि त्यासाठी एमबीबीएस लागतं; न्यायवैद्यकशास्त्राचा तज्ज्ञ व्हायचं तर त्यानंतर पदव्युत्तर शिक्षणही. तपास, अटक, चौकशी हेही करता येत नाही. ते पोलिसांचं काम. कलिन्यात किंवा प्रादेशिक प्रयोगशाळेत वैज्ञानिक सहायक, सहायक रासायनिक विश्लेषक आणि त्यावरची पदं असतात. त्यांच्या भरतीची जाहिरात नीट वाचावी, कारण विष आणि दारूबंदी विभागाला रसायनशास्त्र, डीएनएला जीवशास्त्र, बॅलिस्टिक्सला भौतिकशास्त्र असा मूळ विषय पदवीला मागितला जातो. केंद्राच्या प्रयोगशाळांचंही तसंच. म्हणून पदवीला एक मूळ शास्त्र पक्कं करावं आणि पदव्युत्तर पातळीवर न्यायसहायक विज्ञानाकडे वळावं, हा मार्ग मला अधिक भक्कम वाटतो. ज्याने थेट पदवीपासून हा विषय घेतला असेल, त्याने एका शाखेत खोल जावं; सगळ्यातलं थोडं-थोडं येणाऱ्याला प्रयोगशाळेत टेबल मिळत नाही. बोटांचे ठसे आणि वादग्रस्त हस्ताक्षरं महाराष्ट्रात राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे, पुण्याला, जातात. तिथली वाट वेगळी आहे. शिकवायचं असेल तर नेट परीक्षेत हा स्वतंत्र विषय आहे आणि राष्ट्रीय विद्यापीठ ‘फॅक्ट’ नावाची पात्रता परीक्षाही घेतं.

सरकारबाहेर मागणी सगळ्यात वेगाने वाढली ती डिजिटल शाखेत. बँका, विमा कंपन्या, लेखापरीक्षण करणाऱ्या मोठ्या संस्था यांना फसवणुकीचा माग काढणारी माणसं लागतात. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत हॅश मूल्य नोंदवलेलं प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्याच्या एका भागावर तज्ज्ञाची सही लागते. अन्न आणि औषध तपासणी, दिल्लीची उत्तेजक-चाचणी प्रयोगशाळा, डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेत होणारं वाघाच्या कातड्याचं आणि हाडांचं डीएनए काम, अशाही वाटा आहेत. संख्येने त्या लहान आहेत.

सर्वांत मोठा बदल १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने आणला. कलम १७६ च्या तिसऱ्या पोटकलमानुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं आणि पुरावा गोळा करण्याचं चित्रीकरण होणं बंधनकारक आहे; राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. आजवर शिपाई आणेल तो मुद्देमाल तपासणारी व्यवस्था आता स्वतः गावात, शेतात, घरात जाणार आहे. फिरत्या व्हॅन घेता येतील, पण प्रत्येक व्हॅनमध्ये डाग कसा उचलायचा, ओला कपडा प्लास्टिकऐवजी कागदात का गुंडाळायचा, विहिरीचं पाणीही का घ्यायचं हे कळणारा माणूस लागेल. असे पदवीधर आपल्याकडे दरवर्षी बाहेर पडत आहेत. त्यांना कंत्राटावर तात्पुरतं न राबवता कायम पदं आणि बढतीची वाट द्यायला हवी, कारण दर दोन वर्षांनी माणसं बदलली तर अनेक वर्षांनी उलटतपासाला उभं कोण राहणार?

आणखी एक जागा जवळजवळ रिकामी आहे. सगळ्या शासकीय प्रयोगशाळांकडे मुद्देमाल पोलिसांकडून येतो आणि अहवाल त्यांच्यामार्फतच न्यायालयात जातो. ज्याच्यावर आरोप आहे त्या माणसाकडे, विशेषतः गरीब आरोपीकडे, तो अहवाल वाचून ‘ही चाचणी एवढंच सांगते’ असं त्याच्या वकिलाला समजावणारा कोणी नसतो. विधी सेवा प्राधिकरण त्याला वकील देतं. तज्ज्ञही द्यायला हवा. या पदवीधरांपैकी काहींनी तरी जिल्हा न्यायालयांच्या आवारात बचावाच्या बाजूने हे काम सुरू करावं आणि त्यांना त्याचं मानधन सरकारी तिजोरीतून मिळावं.