कृष्णधवल फिल्मची वेष्टनं : पाठीवरचा कागद

मागच्या हप्त्यात कॅसेटवरच्या डीएक्स खुणांचं कबूल केलं होतं. ते आज बाजूला ठेवतो, कारण एका वाचकाच्या प्रश्नाने या लेखमालेच्या मुळालाच हात घातला आहे. ते विचारतात : १२० च्या रोलमध्ये फिल्मच्या पाठीला एवढा लांबलचक कागद कशाला, आणि त्यावर आकड्यांच्या तीन-तीन ओळी कशाला? ३५ मिलिमीटरच्या फिल्मचं याशिवाय काही अडत नाही, तेव्हा हा कागद म्हणजे जुन्या काळातलं उरलंसुरलं वेष्टनच ना? मला हे पटत नाही. खोक्याचा रंग, अक्षरांचं वळण, डबी पत्र्याची की प्लॅस्टिकची, हे सगळं बदलून फोटोत काडीचाही फरक पडत नाही, हे मान्य. पण पाठीवरचा कागद पहिल्या दिवसापासून कॅमेऱ्याचाच एक सुटा भाग आहे. तो प्रत्येक रोलबरोबर नव्याने विकत घ्यावा लागतो, एवढाच त्याचा वेगळेपणा.

१८८८ चा पहिला कोडॅक कॅमेरा शंभर फोटोंची फिल्म भरूनच मिळे आणि ती संपली की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरला कंपनीकडे पाठवावा लागे, कारण फिल्म बदलायला अंधार लागायचा. १८९२ मध्ये बोस्टनच्या सॅम्युएल टर्नर यांच्या बुल्स-आय कॅमेऱ्याने ही अडचण सोडवली. फिल्मच्या पाठीला दोन्ही टोकांकडून जास्तीचा काळा कागद, कागदाच्या बाहेरच्या अंगाला आकडे, आणि ते वाचायला कॅमेऱ्याच्या पाठीत लाल खिडकी. कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमन यांना हे इतकं मोलाचं वाटलं की १८९५ मध्ये त्यांनी ती कंपनीच विकत घेतली. कागदाने उजेड अडवला, त्यामुळे रोल भर दिवसा भरता येऊ लागला. पण त्याहून मोठं काम आकड्यांनी केलं. फिल्म किती सरकली हे मोजणारं यंत्र कॅमेऱ्यात असण्याची गरजच उरली नाही. १९०० चा ब्राउनी हा पुठ्ठ्याचा डबा एका डॉलरला विकता आला, त्यामागे या कागदाचा मोठा हात आहे. आपल्याकडे बडोद्यात तयार झालेला आग्फा क्लिक थ्री घरोघरी पोचला, तोही याच आधारावर : किल्ली फिरवायची, खिडकीत पुढचा आकडा आला की थांबायचं.

खिडकी लालच का, याचं उत्तर फिल्ममध्ये आहे. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, म्हणून लाल उजेड आत झिरपला तरी बिघडत नसे. पुढे सर्व रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आली. कोडॅकच्या घरगुती रोलपुरतं बोलायचं तर १९३१ चा व्हेरिक्रोम लालाला आंधळाच होता आणि १९५६ मध्ये त्याची जागा व्हेरिक्रोम पॅनने घेतली. खिडक्या मात्र लालच राहिल्या. म्हणजे जे राखणीचं काम आधी फिल्मचा आंधळेपणा करत होता, ते सगळं आता एकट्या कागदाच्या काळेपणावर येऊन पडलं. आणि तीन ओळी? १९०१ मध्ये १२० चा रोल निघाला तो सहा बाय नऊ सेंटिमीटरच्या आठ फोटोंसाठी. चौरस बारा आणि छोट्या सोळा फोटोंच्या ओळी नंतर त्यात येऊन बसल्या. १९२९ चा पहिला रोलायफ्लेक्स १२० ऐवजी ११७ चा रोल घेई. कारण त्याला चौरस फोटो काढायचे होते आणि तो रोल मुळातच चौरस फोटोंसाठी होता. किती मोठा फोटो काढता येईल याची यादी कागदाच्या पाठीवर छापलेली असे, असं म्हटलं तरी चालेल.

आता ३५ मिलिमीटरचा आक्षेप. तिथे कागद नाही हे खरं, पण त्याची कामं कुठे गेली ते पाहायला हवं. उजेड अडवणं १९३४ च्या तयार कॅसेटकडे गेलं आणि मोजणं फिल्मच्या कडेच्या भोकांकडे. भोकं पकडणारी दातेरी चाकं अर्थातच कॅमेऱ्यात घालावी लागली. काम कुणीतरी करायलाच हवं होतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : चांगल्या कॅमेऱ्यांतून लाल खिडकी कधीच गेली, मग कागद का राहिला? तर १९३७ च्या रोलायफ्लेक्स ऑटोमॅटने आकडे वाचणं सोडलं आणि कागद चाचपायला सुरुवात केली. नुसता कागद संपून कागद अधिक फिल्म असा जाड थर रुळांमधून जाऊ लागला की कॅमेरा ओळखतो, पहिला फोटो इथून. कागद ठरल्यापेक्षा पातळ झाला तर हा अंदाज चुकतो. १९६५ मध्ये आलेल्या २२० च्या रोलने फिल्ममागचा कागद काढून टाकला, फक्त दोन टोकांना ठेवला, आणि वाचलेल्या जागेत दुप्पट फिल्म बसवली. लाल खिडकीच्या कॅमेऱ्यांना तो रोल निरुपयोगीच होता. याशिका मॅट १२४ मध्ये फिल्म दाबून धरणारी पट्टी बारा किंवा चोवीस फोटोंसाठी बदलायची सोय करावी लागली, ती कागदाची जाडी वजा झाली म्हणूनच.

वेष्टन हा कॅमेऱ्याचाच भाग असतो, याला ६२० चं उदाहरण तर मला निर्णायक वाटतं. १९३२ मध्ये कोडॅकने १२० चीच फिल्म, तोच कागद, पण बारीक स्पूलवर गुंडाळून ६२० नावाने आणला आणि १९९५ मध्ये बंद केला. त्या कॅमेऱ्यांना लागणारी फिल्म आजही दुकानात मिळते, तरी ते कॅमेरे अडून बसतात ते केवळ स्पूलपायी. ज्यांना ते चालवायचेच आहेत ते अंधारात १२० चा रोल सोडून जुन्या स्पूलवर गुंडाळतात. तिथे हात लावल्यावर कळतं की फिल्म कागदाला एकाच टोकाशी चिकटवलेली असते, दुसरं टोक मोकळं. दोन्ही टोकं चिकटवली तर गुंडाळताना आतला थर आणि बाहेरचा थर यांची लांबी जुळत नाही आणि मध्ये फुगा येतो.

कागदाचा स्वतःचा दोषही फोटोत उतरतो. २०१६ च्या सुमारास कोडॅकच्या १२० च्या काही कृष्णधवल रोलांवर, धुतल्यावर, आकाशासारख्या सपाट भागात पाठीवरचे आकडे आणि कोडॅकची अक्षरं उमटलेली दिसू लागली. गुंडाळलेल्या रोलमध्ये प्रत्येक वेढ्याची शाई पुढच्या वेढ्यातल्या फिल्मला टेकलेली असते, आणि उष्णतेत, दमटपणात तिचा परिणाम होतो. तेव्हा कोडॅकची फिल्म विकणाऱ्या कोडॅक अलारिस कंपनीने बाधित रोलांचे क्रमांक जाहीर केले, रोल बदलून दिले आणि नवा कागद आणला. त्यावरची छपाई इतकी फिकट होती की फोटोवरचे डाग गेले, पण लाल खिडकीतून आकडे दिसेनासे झाले. क्लिक थ्री वापरणाऱ्यांनी असा रोल घातलाच तर किल्ली अगदी सावकाश फिरवावी आणि खिडकीवर तिरपा, मंद उजेड पाडून पाहावं. थेट उन्हात मात्र खिडकी धरू नये.

डीएक्सच्या चौकोनांचं पुढच्या आठवड्यात नक्की.