कासरा धरलेलं हृदय

हृदयाला मेंदूशी जोडणारे सगळे चेतातंतू तोडले, तरी ते थांबत नाही. उलट मिनिटाला १००च्या आसपास धडधडू लागतं! हृदयप्रत्यारोपण झालेल्या माणसाची नाडी स्वस्थ बसल्यावरही ९०-१००च्या घरात असते, ती यामुळेच. मग तुमची-माझी ७० कशी? कुणीतरी अष्टौप्रहर कासरा ओढून धरलेला असतो म्हणून.

ओढणाऱ्या चेतापेशी मस्तिष्कपुच्छात असतात, मेंदू मज्जारज्जूला मिळतो तिथे. त्यातल्या बहुतेक 'न्यूक्लियस अँबिग्युअस' नावाच्या पुंजक्यात. त्यांचे तंतू व्हेगस नर्व्हमधून हृदयापर्यंत उतरतात. तिथल्या पेशी त्यांचा निरोप मिळताच अ‍ॅसिटिलकोलीन सोडतात आणि पुढचा ठोका लांबतो. एखाद-दोन ठोक्यांतच!

१८४५ साली वेबर बंधूंनी बेडकाच्या व्हेगसला विजेचा झटका दिला आणि हृदय थांबलं. चेतातंतू उद्दीपित केला की स्नायू आकुंचन पावतो, एवढंच तेव्हा ठाऊक होतं; चेतातंतू एखादी गोष्ट थांबवूही शकतो, हे नवलच. ऑटो लोवी यांनी १९२१मध्ये त्याहून गमतीचा प्रयोग केला. एका बेडकाच्या हृदयाचा व्हेगस उद्दीपित केला, त्या हृदयातला द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला, आणि तेही मंदावलं. निरोप रसायनातून जातो, हे त्यातून सिद्ध झालं. १९३६चं नोबेल त्यांना हेन्री डेल यांच्याबरोबर मिळालं.

मला मात्र खरं आश्चर्य वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. मेंदूचा काप काढून पाहिलं, तर कासरा ओढणाऱ्या या चेतापेशी बहुतांशी गप्प असतात. त्यांना बोलतं करावं लागतं. ठोक्यासरशी मानेतली रोहिणी ताणली जाते, ती खबर मस्तिष्कपुच्छात पोचते आणि या पेशी जाग्या होतात. म्हणजे हृदय स्वतःच्याच ठोक्याने स्वतःला आवरायला लावतं.

शेजारीच श्वासाची लय राखणाऱ्या पेशी आहेत. आपण श्वास आत घेतो तेव्हा त्या कासरा ओढणाऱ्या चेतापेशींना दाबतात, म्हणून नाडी वाढते, सोडताना उतरते. मनगटावर दोन बोटं ठेवून सावकाश श्वास घ्या, तरुण असाल तर फरक सहज कळेल. डॉक्टर याला 'सायनस अ‍ॅरिथमिया' म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका, निरोगी माणसात असतोच तो.

आणि जिना चढू लागताच नाडी उसळते ना, त्या पहिल्या काही सेकंदांत अ‍ॅड्रिनलिनचा फारसा हात नसतो. कासरा सैल सुटलेला असतो, इतकंच.